ओलारियाची पासष्ट मिनिटं

यंत्र मीच मागितलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला ऐकवायला नको. गावात ऐकवणारे पुष्कळ आहेत.

आमच्या पेद्रा मान्सात चार सांबा शाळा, म्हणजे नाचणाऱ्यांची चार पथकं. कार्निव्हलच्या शनिवारी रात्री चौघी एकापाठोपाठ एक मोठ्या रस्त्यानं नाचत जातात. मंगळवारी दुपारी परीक्षकांची पाकिटं फोडून गुण वाचतात, आणि जी चौथी येते तिला पुढच्या वर्षी मोठा रस्ता बंद. तिनं गल्लीबोळांतून ढोल बडवत फिरायचं. दिवे नाहीत, रथ नाहीत, परीक्षक नाहीत. ओलारिया ही माझी शाळा, वीटभट्टीवाल्यांची. तिची अध्यक्ष मी आणि रस्त्यावर तिला हाकणारीही मीच. कुणी रेंगाळायचं नाही, मध्ये खिंडार पडायचं नाही, आणि पासष्ट मिनिटांच्या आत शेवटचा रथ रस्त्याच्या टोकाच्या दोरीपलीकडं गेला पाहिजे, हे बघणं माझं काम. पासष्टच्या वर एक सेकंद गेला तरी दशांश गुण कापतात. पन्नासच्या आत आटोपलं तर जितकी मिनिटं कमी तितक्यांदा कापतात.

आदल्या वर्षी आमचा असाच एक दशांश गेला होता आणि आम्ही कशाबशा तिसऱ्या आलो होतो. तेव्हा वेळ मोजायचा बायशादा शाळा चालवणाऱ्या वाल्दोमिरोचा मेहुणा, हातातल्या स्टॉपवॉचवर. आमचा रथ दोरीपलीकडं गेला तरी त्याचा अंगठा झोपलेला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शाळांच्या लीगच्या बैठकीत मी टेबलावर हात आपटून सांगितलं, "अंगठ्याला नातेवाईक असतात. यंत्राला नसतात." लीगचे अध्यक्ष दोतोर आन्सेल्मो, गावचे दातांचे डॉक्टर, म्हणाले, बरं बाई, आणा यंत्र. नियम लिहिला गेला, यंत्राचा आकडा अंतिम, आणि खाली पहिली सही माझी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

यंत्र म्हणजे लीगच्या कपाटातला जुनाट कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला दिव्यांचा मोठा फळा. प्रोग्रॅम लिहिला माझ्या भाच्यानं, एलियाबनं. माझी धाकटी बहीण दिनोरा लग्नानंतर कडक चर्चवाल्यांत गेली. दारू नाही, नाच नाही, कार्निव्हलचं तर नावही नाही. कार्निव्हल आलं की ही सगळी मंडळी गाव सोडून एका शेतावर प्रार्थनेच्या शिबिराला जाऊन बसतात. एलियाब जन्मल्यापासून तिथं जातो. सव्वीस वर्षांचा झाला, पण एकदाही त्यानं मिरवणूक पाहिलेली नाही. एरवी तो दूधसंघात प्रोग्रॅम लिहितो. मी काम सांगितलं तेव्हा म्हटलं, "तुझा पास्टर रागावेल का रे?"

"मी नाच मोजत नाही, मावशी. मिनिटं मोजतो," तो म्हणाला.

दोन संध्याकाळ बसून त्यानं लिहिलं. बटण दाबलं की फळ्यावर आकडे सुरू, पुन्हा दाबलं की थांबले. मी दहादा दाबून पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. जानेवारीभर तालमींना वापरलं. एका सेकंदाचाही फरक नाही.

चिठ्ठ्यांत आमचा नंबर शेवटचा निघाला. आमच्याकडं पोशाखावर मनगटी घड्याळ दिसलं तर पोशाखाचे गुण जातात, म्हणून शनिवारी संध्याकाळी मी सगळ्यांची घड्याळं एका पिशवीत गोळा करते. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून माझंही त्यातच टाकते. अकरा वीसच्या सुमाराला भोंगा वाजला आणि आम्ही निघालो.

चाळीस मिनिटं झाली तेव्हा आमचं डोकं औषधांच्या दुकानापाशी होतं आणि शेपूट बँकेपाशी. सगळं अगदी बेतात चाललं होतं. मी मान वर करून फळ्याकडं पाहिलं तर आकडेच नाहीत. चार आडव्या रेघा. लीगच्या कारकुनाला खुणेनं विचारलं, हे काय? त्यानं खांदे उडवले. चालत्या सांब्यात माणूस थांबून विचार करू शकत नाही, मागून ढोल येत असतात.

मोबाइल होता. पण माझ्या मोबाइलवर मिनिटं दिसायची, सेकंदं नाहीत. आणि भोंगा वाजला तेव्हा अकरा वीस नुकतेच झाले होते की एकवीस व्हायला आले होते, ते मी पाहिलंच नव्हतं. फळा असताना कोण पाहतं? म्हणजे माझ्या हिशेबात एका मिनिटाचं भगदाड होतं. मी अंदाजानं हाकलं. ढोलवाल्यांवर ओरडले, नाचणाऱ्या बायकांना ढकललं, शेवटी धूर सोडणाऱ्या भट्टीच्या रथाला स्वतः खांदा लावला. मधल्या काळात रेघा जाऊन फळ्यावर शून्यापासून आकडे धावू लागले होते, पण त्यांचा काय उपयोग? रथ दोरीपलीकडं गेला, कारकुनानं बटण दाबलं आणि फळ्यावर आकडा थांबला. पाच मिनिटं चार सेकंद.

रविवारी दुपारी वाल्दोमिरो लीगच्या कचेरीत माझी वाटच बघत होता.

"दोना जुरेमा, अभिनंदन. तासाभराचा नाच पाच मिनिटांत उरकणारी पहिली शाळा तुमची."

"यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झालं, हे आंधळ्यालाही कळतं."

"नाचता येईना अंगण वाकडं. वेळ पाळता येईना, यंत्र वाकडं." त्यानं नियमाचा कागद पुढं सरकवला. "यंत्राचा आकडा अंतिम. सही कुणाची आहे, वाचा बरं."

पाच मिनिटांचा आकडा धरला तर आमचे इतके गुण कापले जाणार होते की पाकिटं फोडायचीही गरज नव्हती. मी त्याला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. दोतोर आन्सेल्मो जन्मभर लोकांचे दात उपटत आले, त्यांना आरडाओरड्याची सवय आहे. ते म्हणाले, "मंगळवारी पाकिटं फोडायच्या आधी याचा निकाल लावू. ज्यानं लिहिलं त्या पोराला घेऊन या."

शिबिरात मोबाइल चालत नाही. मी घड्याळं गोळा करते तसे ते लोक मोबाइल गोळा करतात. म्हणून सोमवारी सकाळी मी माझी जुनी कोम्बी व्हॅन काढली आणि शेतावर गेले. फाटकात दिनोरा भेटली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जुरेमा, देवाच्या दारी येताना अंघोळ तरी करून यायचं."

"केली. ही चमकी बुधवारपर्यंत जात नाही. तुझा दिवटा कुठाय?"

दिवटा गोठ्यामागं खुर्च्या मांडत होता. मी त्याला जे झालं ते सांगितलं, मध्येमध्ये शिव्याही घातल्या. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "रेघा कधी आल्या?"

"चाळीस मिनिटांनी."

"म्हणजे बाराच्या ठोक्याला." त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. "मावशी, काल कार्निव्हलचा रविवार होता का?"

"नाही, नाताळ होता. अरे, तू राहतोस कुठं?"

त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. चेहरा उतरला होता.

आमच्याकडं उन्हाळ्यात सरकार सगळ्यांची घड्याळं एक तास पुढं करायला लावतं आणि फेब्रुवारीचा तिसरा रविवार लागताच, रात्री बाराच्या ठोक्याला, तो तास परत देतं. पण तो रविवार कार्निव्हलचा निघाला तर सरकार आठवडाभर थांबतं, कारण ऐन कार्निव्हलात घड्याळांचा घोळ घातला तर लोक सरकारलाच नाचवतील. हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कॉम्प्युटर जुनाट असल्यामुळं हा नियम एलियाबनं स्वतःच्या हातानं प्रोग्रॅममध्ये लिहिला होता. तिसरा रविवार लिहिला. कार्निव्हलची सवलत लिहायची राहिली.

"कशी राहिली?"

"कार्निव्हल कधी येतं याच्याशी माझा संबंधच येत नाही, मावशी. आई बॅग भरायला लागली की मी भरतो."

मला हसावं की याच्या कानाखाली वाजवावी ते कळेना. "बरं, यंत्राचं घड्याळ तासभर मागं गेलं. पण आम्ही काही मागं नाचलो नाही. आमची मिनिटं कुठं गेली?"

"मी वजाबाकी केली. संपताना वाजले किती, त्यातून सुरू होताना वाजले किती ते वजा. मध्येच घड्याळ मागं गेलं तर उत्तर शून्याच्या खाली जातं. शून्याहून कमी वेळ कधी असतच नाही, म्हणून तसं झालं तर रेघा दाखव, असं मी लिहिलं होतं. वीस मिनिटांनी उत्तर पुन्हा शून्यावर आलं आणि आकडे सुरू झाले."

"म्हणजे चुलीवर बीन्स ठेवल्या, कुणी भिंतीवरचं घड्याळ मागं फिरवलं, आणि तू म्हणालास बीन्स कच्च्या आहेत."

"हो. तसंच." तो खालमानेनं बोलत होता. "यंत्रात आणखी एक घड्याळ असतं. त्याला वाजले किती ते ठाऊक नसतं, सरकार ठाऊक नसतं. चालू केल्यापासून ते नुसतं मोजत राहतं, कधी मागं जात नाही. किती वेळ लागला हे त्यालाच विचारायचं असतं. दूधसंघात मी तेच विचारतो. इथं दोन संध्याकाळचं काम म्हणून सोपं ते केलं."

माझ्या डोक्यात मात्र उजेड पडला. "मग सोपंच आहे की. गेलेला तास परत घाल. पाच आणि साठ, पासष्ट. पासष्ट म्हणजे आत."

"आणि चार सेकंद," एलियाब म्हणाला.

एलियाबला शेजारी बसवून मी कोम्बी गावाकडं वळवली. फाटक मागं पडलं तशी बोलले. "हे बघ. हे चार सेकंद तुला ठाऊक, मला ठाऊक. बाकी गावाला वाटतंय यंत्र बंद पडून कधीतरी पुन्हा सुरू झालं. रेडिओवाल्यांनी मिरवणुकीचं वर्णन करताना मध्ये जाहिराती घातल्या, तिथंही काही सापडायचं नाही. तू एवढंच म्हणायचं, यंत्र बिघडलं."

"बिघडलं नाही, मावशी. मी चुकीचं विचारलं, त्यानं त्याचं बरोबर उत्तर दिलं."

"मग म्हण, सांगता येत नाही."

"येतं की."

"एलियाब, भट्टीवरच्या बायकांनी वर्षभर रात्री जागून पिसं शिवली आहेत. फळा मेला नसता तर मी तो रथ दहा सेकंद आधी नेला असता. चूक तुझी आणि शिक्षा त्यांना? तू तिथं तोंड उघडायचं नाहीस. मी तुझी मोठी मावशी आहे, मी तुला बजावते आहे."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बरं." मला वाटलं, जिंकले.

मंगळवारी लीगच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या स्वयंपाकघरात बायका कोशिन्या, म्हणजे कोंबडीच्या सारणाचे वडे, तळत होत्या, त्या तळणाचा वास सगळीकडं भरला होता. एलियाब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी बसला होता, जसा काही बाप्तिस्म्याला आला आहे. वाल्दोमिरोनं आपली पाच मिनिटं पुन्हा मांडली. लोक हसले, कारण ती पाच मिनिटं सगळ्यांनी तासभर उभं राहून पाहिली होती. मग दोतोर आन्सेल्मो म्हणाले, "यंत्र बंद पडलं हे उघड आहे. मोबाइल बघणाऱ्यांचं म्हणणं, साधारण पासष्ट. सेकंदं कुणालाच ठाऊक नाहीत. माझा विचार असा की ओलारियाच्या वेळेचे गुण कापू नयेत. वाल्दोमिरो?"

वाल्दोमिरोनं आपल्या माणसांकडं पाहिलं आणि हात हलवला. "असू दे. सोडा."

सुंठीवाचून खोकला गेला. मी खुर्चीत टेकले, दोन दिवसांत पहिल्यांदा. आन्सेल्मोंनी कागद ओढला आणि लिहिता लिहिता, नुसतं रीत म्हणून, चष्म्यावरून एलियाबला विचारलं, "तर मग, प्रत्यक्ष वेळ सांगता येत नाही, असं लिहितो. बरोबर?"

"तसं नका लिहू," एलियाब म्हणाला.

"का? सांगता येते?"

"येते. पण मावशीनं सांगू नको म्हणून बजावलं आहे."

आख्खा हॉल हसला. स्वयंपाकघरातल्या बायका झारा हातात घेऊन दारात आल्या. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पोरगा खोटंही बोलला नाही, त्यानं माझा शब्दही मोडला नाही, आणि मला भर बाजारात उभं केलं. तीनशे डोळे माझ्याकडं.

मी उठले. चौसष्ट म्हणून मोकळी होऊ शकले असते. एलियाब गप्प राहिला असता की नाही, कोण जाणे. पण माझी नजर वाल्दोमिरोच्या मेहुण्यावर गेली. तो भिंतीला टेकून उभा होता, अंगठे खिशात घालून. वर्षभर मी त्या माणसाला गावभर खोटारडा म्हणत होते.

"पासष्ट मिनिटं चार सेकंद," मी म्हटलं. "तास कुठं गेला ते हा पोरगा सांगेल. झालं समाधान?"

कुणी हसलं नाही. एलियाबनं उठून दोन घड्याळांची गोष्ट सांगितली, स्वतःची चूक कुठं ती पण सांगितली. मी भांडले, भांडल्याशिवाय बसणारी मी नाही. पंचवीस मिनिटं फळा मेलेला होता, आंधळ्यासारखं हाकलं, चार सेकंद त्या फळ्याच्या नावावर घाला. आन्सेल्मोंनी सगळं ऐकून घेतलं.

"जुरेमा, फळा ही सोय होती. पासष्ट मिनिटं ही अट होती. मला जर कळलं नसतं तर गोष्ट वेगळी. आता कळलं आहे." त्यांनी लिहिलं, ओलारिया, एक दशांश वजा.

आणि मग पाकिटं फोडली. ढोलांना आम्हाला सगळ्यांत जास्त गुण होते. रथाला चांगले. पोशाखाला चांगले. पण इतर दोघी पुढं होत्या, आणि शेवटच्या पाकिटापर्यंत तळाला आम्ही आणि बायशादा बरोबरीत चाललो होतो, आणि बरोबरी झाली तर कुणीच खाली जात नाही. शेवटचं पाकीट वाचलं. बरोबरी झाली. त्यातून तो एक दशांश वजा केला.

बायशादावाल्यांनी उड्या मारल्या. मी मागच्या स्वयंपाकघरात गेले आणि तेलाच्या डब्यावर बसून रडले. उगीच डोळे पुसत नाही बसले, पोटभर रडले. भट्टीवरच्या बायका आल्या, एकीनं माझ्या हातात गरम कोशिन्या ठेवल्या. थोड्या वेळानं वाल्दोमिरो दारात आला.

"आता काय ऐकवायचं राहिलंय?" मी म्हटलं.

"काही नाही." तो चौकटीला धरून उभा राहिला. "तुमचा शेवटचा रथ चांगला होता. धुराची कल्पना मला आवडली." तो जायला वळला, पुन्हा फिरला. "मी तुमच्या जागी असतो तर चौसष्ट म्हटलं असतं, दोना जुरेमा."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं.

एलियाबशी मी चार दिवस बोलले नाही. तो रोज संध्याकाळी दूधसंघातून सुटला की दारात येऊन उभा राहायचा आणि दिनोरानं दिलेलं काहीतरी, चीजचे गोळे नाहीतर केक, ओट्यावर ठेवून जायचा. प्रोग्रॅम त्यानं दुरुस्त केला होता. आता तो दुसऱ्या घड्याळाला विचारतो. पुढच्या वर्षी फळ्यावर बरोबर मिनिटं दिसतील, बायशादाला आणि त्या इतर दोघींना.

रविवारी सकाळी रेडिओवर सांगत होते, उन्हाळी वेळ संपली, ज्यांनी रात्री केली नसतील त्यांनी आपली घड्याळं एक तास मागं करावीत. मी स्वयंपाकघरातलं घड्याळ काढायला स्टुलावर चढले. स्टूल लंगडं आहे. मागून कुणीतरी ते घट्ट धरलं. एलियाब होता, प्रार्थनेहून आलेला, तोच पांढरा शर्ट.

"मावशी, अजून रागावली आहेस?"

"गप्प राहा आणि स्टूल धर."

मी काटा धरून मागं फिरवायला लागले. एक आख्खा तास. साठ मिनिटं, गावात घरोघरी, कुणी मागितली नव्हती तरी सगळ्यांना फुकट वाटली जात होती. बायशादातही वाटली गेली असतील.

"एलियाब."

"काय?"

"मला यातले चारच सेकंद हवे होते रे."

त्यानं स्टूल आणखी घट्ट धरलं. मी घड्याळ खिळ्याला परत लावलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले आणि दोघांसाठी कॉफी टाकली.